बटाटा जेवत नाहीये!

रात्रीचे साडेअकरा. लॅपटॉप बंद करून मी नुकतीच आडवी झाले होते, तेवढ्यात फोन वाजला. डॅलसहून. कॉलेजमधली माझी सगळ्यात कूल मैत्रीण. परीक्षेच्या दिवशी हॉल तिकीट हरवलं तरी हिचा आवाज चढला नव्हता. आणि आज ऑफिसच्या लंच टाइममध्ये पार्किंगमध्ये बसून ती चक्क रडत होती.

"अगं, बटाटा जेवत नाहीये. आज एकोणीस दिवस झाले."

मी ताडकन उठून बसले. एकोणीस दिवस? कुत्रा एक वेळ जेवला नाही तरी आपण डॉक्टरला फोन लावतो! मग आठवलं, बटाटा कुत्रा नाही. मांजरही नाही. बटाटा हा साप आहे.

या कॉलममध्ये एरवी आपण कुत्र्यांचे हट्ट आणि मांजरांचे नखरे यांच्याबद्दल बोलतो. आज जरा वेगळा पाहुणा. ज्यांना सापाचं नाव काढलं की शिरशिरी येते (मीही त्यातलीच), त्यांनी पान उलटू नका. कारण ही गोष्ट सापाची असली तरी अर्धीअधिक माझ्या मैत्रिणीची आहे.

तर बटाट्याची ओळख. जात बॉल पायथन, म्हणजे अजगरांच्या खानदानातला एक छोटेखानी, बिनविषारी मेंबर. ब्रिटनमध्ये याला रॉयल पायथन म्हणतात. मूळ गाव पश्चिम आणि मध्य आफ्रिका. घाना, टोगो, बेनिन ही त्याची खास ठिकाणं. घाबरला की डोकं आत घेऊन स्वतःचा घट्ट चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. आमच्या बाईसाहेबांना त्यात चेंडूऐवजी बटाटा दिसला, म्हणून ते नाव. घरी आला तेव्हा वजन फक्त ६८ ग्रॅम. म्हणजे भाजीवाल्याकडच्या मध्यम बटाट्यापेक्षाही कमी. अमेरिकेत हा साप प्रचंड लोकप्रिय आहे. स्वभावानं गरीब, आकारानं आटोपशीर आणि नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं सहज जगतो. एकच मेजर प्रॉब्लेम. जेवणाच्या बाबतीत याच्याइतका नखरेल साप शोधून सापडणार नाही. मोठे बॉल पायथन कधी कधी महिनोन् महिने उपाशी राहतात आणि वर ठणठणीत असतात!

पण ते मोठे. बटाटा होता जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्याच्या अंगात साठा तो केवढा असणार? म्हणून टेन्शन अगदीच खोटं नव्हतं.

"तू काय काय केलंस?" मी विचारलं. आणि मग जी लिस्ट आली ना, बापरे.

पहिल्याच दिवशी घरी आणल्या आणल्या तासभर हातात घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी उंदीर दाखवला. (हो, उंदीर. तिथे पाळीव सापांसाठी उंदरांची पिल्लं फ्रोझन मिळतात, आपल्याकडे मटार मिळतात तशी. अगदी नवजात ती 'पिंकी', अंगावर लव आलेली 'फझी', उड्या मारायला लागलेली 'हॉपर'.) त्यानं तोंड फिरवलं. तिनं परत दाखवला. सकाळी दाखवला, ऑफिसहून आल्यावर दाखवला. भूक नसेल म्हणून थोडं 'फिरवून' आणलं, म्हणजे सोफ्यावर सोडलं. वजन घटलं का बघायला दिवसातून दोनदा काट्यावर ठेवलं. एकटं वाटत असेल म्हणून काचेची पेटी हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी आणली. आणि काकूंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "दूध दिलंस का गं त्याला?"

काकूंचा दोष नाही. नागपंचमीचा तो सीन आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलाय. पण साप दूध पीत नाही, त्याला ते पचतही नाही. गारुड्याचा साप दूध पिताना दिसायचा तो तहानेनं. दिवसेंदिवस पाणी न देता ठेवलेल्या जिवासमोर जे काही ओलं येईल ते तो पिणारच. सापाला लागतं स्वच्छ पाणी आणि अख्खं भक्ष्य. बस्स.

आता खरं सांगू? तिची लिस्ट ऐकून मला पहिल्यांदा आठवली ती आमच्याकडची पंगत. "अजून एक जिलबी घ्या, माझी शपथ!" आपल्याकडे प्रेम मोजायचं माप एकच, पानात किती वाढलं ते. समोरचा नाही म्हणाला की आपण थांबत नाही, जोर वाढवतो. माझी मैत्रीण त्या ६८ ग्रॅमच्या जिवाला एकोणीस दिवस जिलबीचा आग्रह करत होती. आणि त्या जिवाच्या भाषेत आग्रहाला एकच अर्थ आहे – कुणीतरी मला खायला आलंय.

जरा त्याच्या जागी जाऊन बघा. बॉल पायथनची मादी अंड्यांना वेटोळं घालून साधारण दोन महिने बसते. पिल्लं बाहेर आली की तिचं काम संपलं. पुढे ज्याचं त्यानं बघायचं. जंगलात हे पिल्लू दिवसभर उंदराच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून राहतं आणि अंधार पडला की बाहेर पडतं. शिकारी पक्षी, मुंगूस, मोठे साप, सगळ्यांसाठी ते एक छोटंसं स्नॅक! अशा जिवाला चारही बाजूंनी काचेच्या, उजेडानं भरलेल्या, मोठ्ठ्या पेटीत ठेवलं, वर होम थिएटरचा दणका, आणि दिवसातून सहा वेळा वरून एक प्रचंड हात येऊन उचलतोय. शिकार करायला डोकं बाहेर काढणं म्हणजे आत्महत्याच. जेवणार कसं?

दुसरी गोष्ट पोटाची. साप आपल्यासारखं पोट सतत 'ऑन' ठेवत नाही. अजगरांचं तर ते जवळजवळ शटडाउनच होतं. स्टीफन सीकॉर आणि जेरेड डायमंड या शास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात बर्मी अजगरांवर यासाठी खूप काम केलं. उपाशी अजगराचं आतडं आक्रसलेलं असतं, आणि भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत त्याचं वजन दुपटीच्या घरात जातं. म्हणजे प्रत्येक जेवण हा शरीरासाठी एक मोठा प्रोजेक्टच. आणि तो चालवायला लागणारी ऊब सापाला बाहेरून घ्यावी लागते. ऊब नसेल तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडू शकतो. त्यामुळे थंडीत बसलेल्या सापानं जेवण नाकारलं तर तो नखरा नाही, शहाणपणा आहे.

"पेटीत ऊब किती आहे?" मी विचारलं.

"३१ डिग्री. मीटर लावलाय ना काचेला!"

काचेला. दिव्याच्या बरोबर शेजारी. मी म्हटलं, वायरवाला थर्मामीटर आण आणि साप जिथे बसतो तिथे, जमिनीवर ठेवून बघ. संध्याकाळी तिचा मेसेज आला : २४. टेक्ससचा उन्हाळा म्हणजे घरात एसी फुल्ल, आणि मॅडमना गार झोपायची सवय. दिवा वर हवा तापवत होता आणि बटाटा खाली कुडकुडत होता. खरं तर त्याला पेटीत एका टोकाला ३१-३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ असं दोन्ही हवं असतं. गरजेप्रमाणे तो स्वतः इकडून तिकडे जातो. शिवाय हवेत साठ टक्क्यांच्या आसपास दमटपणा. आणि तापवणाऱ्या प्रत्येक वस्तूला थर्मोस्टॅट मस्ट. नाहीतर साप भाजतो, आणि पोट भाजलं तरी तो ओरडून सांगत नाही.

त्या वीकेंडला तिनं सगळं उलटं केलं. पेटी हॉलमधून बेडरूमच्या कोपऱ्यात. तीन बाजूंना काळा चार्ट पेपर. आत दोन लपायच्या जागा, एक उबेच्या टोकाला, एक गार टोकाला. त्याही ऐसपैस नाही, तर अंगाला चारही बाजूंनी टेकतील अशा. आपल्याला ते कोंदट वाटतं. बॉल पायथनला तीच सेफ्टी. उरलेल्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकची पानं आणि कागदाचे बोळे. आणि पुढचे सात दिवस हात लावायचा नाही. फक्त पाणी बदलायचं.

"सात दिवस नुसतं बघत बसू?" तिनं विचारलं.

"बघूही नकोस."

सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र तिला मीही आधी विचारला नव्हता. ज्याच्याकडून साप घेतला त्या ब्रीडरकडे तो काय खात होता? तिनं मेल केला, उत्तर तासाभरात. तीन वेळा जेवला होता, तिन्ही वेळा जिवंत हॉपर, म्हणजे माऊसचं पिल्लू, आणि तेही रात्री, लाइट बंद करून. ही बाई त्याला दाखवत होती रॅटचं, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदराचं फ्रोझन पिल्लू, सकाळच्या उजेडात! आपल्यासाठी दोन्ही उंदीरच. पण सापासाठी वास म्हणजे ओळखपत्र. नायजेरियात झालेल्या एका अभ्यासात तर छोटे बॉल पायथन उंदरांपेक्षा पक्ष्यांची पिल्लं जास्त खाताना आढळले होते. वरणभातावर वाढलेल्या पोराला पहिल्याच दिवशी सुशी दिली तर ते काय करणार?

मग जिवंतच का देऊ नये? अनेक नवशिके घाबरून तेच करतात. पण उंदराला दात असतात आणि भुकेला नसलेला साप त्याच्यापासून स्वतःला वाचवत बसत नाही. पेटीत रात्रभर सोडलेल्या उंदरानं सापालाच कुरतडल्याच्या केसेस डॉक्टरांकडे नेहमी येतात. त्यामुळे जात तीच ठेवायची, पण फ्रोझन. आणि तो जिवंत 'वाटेल' असा द्यायचा. इथे खरी कला आहे.

फ्रोझन हॉपर आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. (तिच्या फ्रीझरमध्ये तो डबा काकूंनी पाठवलेल्या पुरणपोळ्यांच्या शेजारी होता. काकूंना हे अजून माहीत नाही, आणि हा अंक त्यांच्या हाती लागणार नाही अशी आशा.) संध्याकाळी पिशवीत घालून कोमट पाण्यात. मायक्रोवेव्ह अजिबात नाही. बाहेरून गार, आतून शिजलेला, आणि कधी कधी फुटलेला उंदीर तुम्हाला बघायचा नाहीये. पूर्ण वितळला की कोरडा करायचा आणि देण्याच्या जस्ट आधी डोकं परत गरम करायचं, जिवंत उंदराच्या अंगाइतकं, साधारण ३८ अंश. कारण बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात. अंधारात त्याला भक्ष्य 'दिसतं' ते या उबेमुळे. गार उंदीर म्हणजे त्याच्यासाठी एक वास येणारा दगड. आकार सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा वजनाच्या दहा-पंधरा टक्के. बटाट्यासाठी सात-आठ ग्रॅम. लांब चिमट्यात शेपटीकडून धरायचं, लपायच्या जागेच्या तोंडाशी हळूच हलवायचं. नाकावर आपटायचं नाही! घेतलं नाही तर दारात ठेवायचं, लाइट बंद करायचा आणि निघून जायचं. सकाळी तसंच असेल तर फेकून द्यायचं आणि पुढचे पाच-सात दिवस विषय बंद.

हात, चिमटा, काटा सगळं साबणानं धुवायचं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, आणि त्याच ओट्यावर आपला चहा होतो. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर असा प्राणी ठेवूच नये असं तिथले आरोग्यवाले स्पष्ट सांगतात.

अठ्ठाविसाव्या दिवशी पहिला ट्राय. बटाट्यानं डोकं बाहेर काढलं, जीभ लपलपवली, दोन मिनिटं उंदराकडे रोखून बघितलं... आणि आत गेला. सकाळी हॉपर तिथेच.

खरं सांगते, मला वाटलं की ही आता कोलमडणार. तिसाव्या दिवशी व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिच्या एका हातात बटाटा होता आणि टेबलावर पिंकी, छोटा चिमटा आणि कुठल्याशा व्हिडिओवर पॉझ केलेला टॅब. "मी भरवते त्याला. तोंड उघडून ठेवायचं फक्त. बाकी तो गिळतो म्हणे."

ही पद्धत आहे, नाही असं नाही. काही पिल्लं तिच्यामुळेच वाचतात. पण ती शेवटची पायरी, आणि पहिल्यांदा करायची ती डॉक्टरसमोर किंवा मुरलेल्या माणसासमोर. पेन्सिलएवढ्या डोक्याचा जबडा असतो तो. दात तुटतात, तोंड सुजतं, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या तिथेच असतं. आणि समजा गेलाच घास, तरी घाबरलेला साप तो ओकून टाकतो. ओकणं म्हणजे न जेवण्यापेक्षा वाईट. त्यानंतर दहा-चौदा दिवस पोटाला पूर्ण विश्रांती द्यावी लागते.

"त्याचे डोळे बघ," मी म्हटलं. कॅमेऱ्यातसुद्धा दिसत होतं. डोळे निळसर, दुधाळ झाले होते.

कात! कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवरचं कवच धूसर होतं, त्याला नीट दिसत नाही, आणि बहुतेक साप अशा वेळी जेवतच नाहीत. तिनं चिमटा खाली ठेवला. बटाट्याला पेटीत ठेवलं. आणि मग किती तरी वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही. ती नुकतीच तिथे एकटी शिफ्ट झाली होती, जुनी टीम तुटली होती, घरात तिची वाट बघणारं असं दुसरं कुणी नव्हतं. "मला एवढंही जमत नाही गं," ती म्हणाली. साठ-बासष्ट ग्रॅमचा तो साप नव्हताच फक्त, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरकडे मात्र जायचंच, हे आम्ही ठरवलं. भरवायला नाही, तपासायला. तिथे सरपटणाऱ्या प्राण्यांचे वेगळे डॉक्टर असतात. तेहतिसाव्या दिवशी वजन ६२ ग्रॅम. म्हणजे सहा ग्रॅम गेले होते, साधारण नऊ टक्के. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडून आत बघितलं : लाळेचे धागे नाहीत, बुडबुडे नाहीत, तोंड उघडं टाकून श्वास नाही. खवल्यांखाली बारीक किडे नाहीत. कातडी सैल पडून सुरकुतलेली नाही, पाठीचा कणा वर आलेला नाही. त्यांनी सांगितलं, कात पडू दे, मग परत हॉपर दे. दहा टक्क्यांच्या वर वजन उतरलं किंवा यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी घेऊन ये, मग भरवायचं की नाही ते मी बघते. आणि वजन आठवड्यातून एकदा. दिवसातून दोनदा नाही!

हा आकडा महत्त्वाचा. साप किती दिवस जेवला नाही यापेक्षा तो किती घटला ते बघायचं. दोन महिने न जेवता वजन टिकवून असलेला साप आणि तीन आठवड्यांत खंगलेला साप, यातला दुसरा आजारी. स्वयंपाकघरातला ग्रॅमवाला काटा आणि एक वही, एवढ्यानं निम्मं टेन्शन कमी होतं.

जाता जाता, हे वाचून इथे कुणाला 'आपणही एक आणूया का' असं वाटत असेल तर जरा दमानं, बॉस. आपल्याकडे धामण असो, नाग असो की अजगर, घरात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी तो 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी ठेवायचे तर सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तरी चोरटा धंदा चालूच. डिसेंबर २०२३मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले होते. बेडरूमच्या शांत कोपऱ्यातसुद्धा जो जीव महिनाभर जेवत नाही, त्याचं पाकिटातल्या प्रवासानंतर काय होत असेल, विचार करा. आणि इथे रात्री दहाला त्याला बघणारा डॉक्टर कुठे शोधाल?

असो. अडतिसाव्या दिवशी कात पडली. डोक्यापासून शेपटापर्यंत एका तुकड्यात, मोज्यासारखी. तिनं ती वहीत चिकटवून ठेवलीय. एकेचाळिसाव्या दिवशी रात्री नऊला हॉपर गरम केला, दारात ठेवला, लाइट घालवला आणि ती ठरल्याप्रमाणे घराबाहेर पडली. पार्किंगमध्ये गाडीत बसून तासभर मला फोनवर ऑफिसचं गॉसिप सांगत होती. बटाट्याचं नाव एकदाही काढलं नाही. मीही काढलं नाही.

माझ्याकडे सकाळचे नऊ वाजत आले होते. ट्रेनमध्ये चढता चढता मेसेज आला. फोटोत पेटीची रिकामी फरशी, एक कागदाचा बोळा आणि लपायच्या जागेतून बाहेर आलेलं अर्धं वेटोळं. मधोमध एक मस्त फुगवटा.

खाली लगेच दुसरा मेसेज : "एकदाच हातात घेऊ का? पाच मिनिटं?"

"४८ तास हात लावायचा नाही," मी टाइप केलं.

"बरं."

आणि मग पाच मिनिटांनी : "काकडीची कोशिंबीर केलीय. आता मी जेवते."